अंतरपाटापासून दोन मीटरवर

नवा कॅमेरा घेतलेल्या मुलामुलींचा एक प्रश्न ठरलेला असतो: घरात लग्न आहे, लेन्स कोणती घेऊ? दुकानदार आधी बजेट विचारतो. मी आधी विचारतो, कार्यालय कोणतं आणि स्टेजवर तुला उभं राहायला किती जागा मिळणार? लग्न, साखरपुडा, बारसं, मुंज, रिसेप्शन, कार्यक्रम कोणताही असो, छताखालच्या फोटोंना दोनच गोष्टींची अडचण असते, जागेची आणि उजेडाची. लेन्स त्या दोन्ही अडचणी बघून घ्यायची. कंपनी, किंमत आणि इंटरनेटवरची भांडणं त्यानंतर.

आपल्या लग्नातला सगळ्यात कठीण फोटो अंतरपाटाचा. नवरा-नवरी समोरासमोर, मध्ये अंतरपाट, तो दोन टोकांना धरलेले गुरुजी, नवरीच्या पाठीशी मामा, नवऱ्याच्या पाठीशी त्याचा मामा, दिवा घेतलेली करवली आणि भोवती अर्धं गणगोत. दोघांचे चेहरे एकाच फोटोत हवे असतील तर अंतरपाटाच्या टोकाशी, बाजूलाच उभं राहावं लागतं. तिथे व्हिडिओवालाही आधीच येऊन थांबलेला असतो. मागे स्टेजची कड आणि पुढे पूजेचं साहित्य, त्यामुळे जोडप्यापासूनचं अंतर जेमतेम दोन मीटर भरतं.

या दोन मीटरांचा हिशेब एकदा करून बघण्यासारखा आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिमी रुंद आणि २४ मिमी उंच असतो. दोन मीटरवरून ८५ मिमीची लेन्स ८५ सेंमी रुंदीचंच दृश्य पकडते, म्हणजे नवरा किंवा नवरी, दोघांपैकी एकच. ५० मिमीवर सुमारे १.४ मीटर मिळतात. दोघं मावतात, पण उचललेले हार आणि हात कडेला कापले जातात. ३५ मिमीवर दोन मीटर, म्हणजे जोडपं नीट बसतं. २४ मिमीवर तीन मीटर मिळतात आणि दोन्ही मामा, करवली, वरून पडणाऱ्या अक्षता असं सगळं दृश्य येतं. मंगलाष्टकं चालू असेपर्यंत हे रुंद दृश्य हवं असतं. शेवटचं ‘सावधान’ झालं आणि अंतरपाट दूर झाला, की नवरीच्या चेहऱ्यावरचा तो पहिला भाव जेमतेम चार-पाच सेकंद टिकतो. त्या वेळी ७० मिमीवर जाता आलं तर मीटरभर रुंदीत चेहरा, मुंडावळ्या आणि हार एवढंच येतं, मागची गर्दी बाहेर राहते. पाय हलवायला जागा नाही, लेन्स बदलायला वेळ नाही. मनगटाच्या एका वळणात २४ वरून ७० वर नेणारी झूम लेन्स इथे कामाला येते. प्राइम, म्हणजे एकाच फोकल लेंग्थची लेन्स कितीही चांगली असली तरी त्या क्षणी ती एकाच फोटोची असते. ज्यांच्याकडे दोन कॅमेरे गळ्यात आहेत त्यांची गोष्ट वेगळी.

आता उजेडाकडे. झुंबरं, फुलांवर सोडलेले दिवे, मागची चमकणारी पाटी यांमुळे सजवलेलं कार्यालय डोळ्यांना लख्ख वाटतं. पण डोळा फसवतो. भर दुपारच्या उघड्या उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. सभागृहात चेहऱ्यावर पडणारा प्रकाश बऱ्याचदा दोनशे-तीनशे लक्सच असतो. काहीशे पटींनी कमी असलेल्या या उजेडातून लेन्सला चित्र गोळा करायचं असतं, आणि ती किती गोळा करील हे तिच्यावर छापलेला एफ आकडा सांगतो. फोकल लेंग्थला एफ आकड्याने भागलं की प्रकाश आत येण्याच्या वाटेची रुंदी मिळते. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमीची किट लेन्स ५५ वर एफ/५.६ असते, म्हणजे वाट जेमतेम १० मिमीची. ७० मिमी, एफ/२.८ ला ती २५ मिमी होते. आकडा निम्मा झाला की सेन्सरवर पडणारा प्रकाश चौपट होतो, एफ/५.६ आणि एफ/२.८ मध्ये हाच फरक आहे.

समजा दोनशे लक्स उजेड आहे आणि शटर सेकंदाच्या शंभराव्या हिश्शावर ठेवलं आहे. एफ/१.८ ला साधारण ४०० आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, पुरतो, एफ/२.८ ला १००० लागतो, एफ/५.६ ला ४०००. आजचे कॅमेरे ४००० सुद्धा निभावून नेतात, हे खरं. पण अक्षता उडताहेत. तीन मीटर दर सेकंदाच्या वेगाने पडणारा दाणा शंभराव्या हिश्शात तीन सेंमी सरकतो, फोटोत त्याची रेघ होते. दाणा दाण्यासारखा दिसायला पाचशेवा हिस्सा तरी हवा. मग एफ/२.८ वर ५००० आयएसओ आणि एफ/५.६ वर थेट २०,०००. तिथे नवरीच्या शालूची जर आणि गालाची कातडी दोन्ही रवाळ होऊन जातात, आणि ते नंतर संगणकावर कितीही गुळगुळीत केलं तरी पूर्वीसारखं होत नाही. लेन्समधलं किंवा कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन हाताचं थरथरणं सावरतं. हलणारी माणसं आणि उडणाऱ्या अक्षता त्याला थांबवता येत नाहीत. दुकानात ही गोष्ट कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

शटरचा शंभरावा हिस्सा मी उगाच धरलेला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा उजळतात-मंदावतात. शटर त्याहून वेगाने चालवलं की कुठल्या फोटोत आडवे पट्टे येतात, कुठल्यात रंग बदलतो. शंभरावा किंवा पन्नासावा हिस्सा ठेवला की हा त्रास जवळजवळ जातो. अक्षतांसाठी वेग वाढवायचाच असेल तर दोन-चार फोटो आधी काढून पट्टे दिसतात का ते तपासावं, कॅमेऱ्यात फ्लिकर कमी करण्याची सोय असेल तर ती चालू करावी.

फ्लॅश असताना एवढा विचार कशाला, असं कोणी म्हणेल. पांढऱ्या, बेताच्या उंचीच्या छतावर फ्लॅश मारून परतलेला उजेड सुंदर असतो आणि रिसेप्शनला तो वापरावाच. पण मोठ्या हॉलचं छत उंच आणि काळपट असतं, तिथून काही परत येत नाही. कोकणात किंवा गावाकडे अंगणात घातलेल्या मांडवाला लाल-पिवळं कापड असलं तर फ्लॅश तोच रंग घेऊन चेहऱ्यावर उतरतो. शिवाय होमाच्या वेळी खालून, ज्वाळांमधून येणारा तांबूस उजेड नवरा-नवरीच्या चेहऱ्यांवर खेळत असतो, धुराचा पदर मध्ये येत असतो. फ्लॅशच्या एका लखलखाटात ते सगळं पुसलं जातं. तो उजेड टिकवायचा असेल तर मोठ्या तोंडाची लेन्सच लागते.

माणसांचे फोटो आणि उजेडाची टंचाई हा झगडा छायाचित्रणाइतकाच जुना आहे. १८३९ साली दागेरचं फोटो काढण्याचं तंत्र पॅरिसमध्ये जाहीर झालं, तेव्हा कॅमेऱ्यांना असलेल्या लेन्स एफ/१४-१६ च्या आसपासच्या होत्या. इमारती आणि निसर्ग त्यात येत, पण माणसाला उन्हात मिनिटामिनिटांचा काळ निश्चल बसावं लागे. पुढच्याच वर्षी व्हिएन्नातले गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांनी कागदावर गणित मांडून एफ/३.६ ची लेन्स आखली. त्या किचकट आकडेमोडीला तोफखान्यातले हिशेबात तयार असलेले सैनिक मदतीला होते, आणि लेन्स घडवली फोक्टलेंडर या कंपनीने. जुन्या लेन्सच्या पंधरा-वीसपट प्रकाश तिच्यातून येई. चेहऱ्याचा फोटो काढण्याचा धंदा युरोपभर उभा राहिला तो या लेन्सच्या जिवावर. तिचा मधला भाग रेखीव आणि कडा विरघळत जाणाऱ्या होत्या. चेहरा मध्यावर असल्यामुळे तो दोषही लोकांना आवडून गेला. गंमत पुढे आहे. १९५९ साली स्थिर छायाचित्रांच्या ३५ मिमी कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स बाजारात आली ती याच कंपनीची, फ्रँक बॅक यांनी आखलेली झूमार. तिचे आकडे होते ३६ ते ८२ मिमी, एफ/२.८. आज लग्नाचे फोटोग्राफर ज्या लेन्सवर दिवसभर काम करतात, तिचा आराखडा इतका जुना आहे.

मग सगळ्यात मोठ्या तोंडाची लेन्सच का घेऊ नये? एफ/१.४, एफ/१.२ पण मिळतात की. कारण तोंड जितकं मोठं, तितका स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद. नवरीचा खांद्यापर्यंतचा उभा फोटो घ्यायचा तर ८५ मिमीच्या लेन्सने साधारण १.४ मीटरवर उभं राहावं लागतं. तिथे एफ/१.८ ठेवलं तर स्पष्टतेची खोली जेमतेम तीन सेंमी असते. फोकस डोळ्यांवर धरला की नाकातली नथ धूसर होते, आणि आपल्याकडे नथ धूसर झालेला नवरीचा फोटो आईला दाखवायची सोय नाही. डोळे आणि नथ दोन्ही हवे असतील तर एफ/४ पर्यंत यावं लागतं. दोघं शेजारी उभे असताना एकजण बोटभर मागे असला तरी हाच प्रकार. स्टॅन्ली कुब्रिकने १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’मध्ये मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रीकरण करायला झाइसची ५० मिमी, एफ/०.७ ची लेन्स वापरली. नटांना जागचं हलणंही जपून करावं लागलं. सिनेमात ते जमतं. मंगलाष्टकांत कोण कुणाला हलू नको सांगणार? एफ/१.२ वर लाखाहून जास्त खर्च लग्नाच्या कामासाठी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चेहऱ्याबद्दल आणखी एक समजूत दुरुस्त करायला हवी. ८५ मिमीची लेन्स चेहरा चांगला दाखवते आणि २४ ची बिघडवते, असं म्हणतात. चेहरा बिघडतो तो अंतराने. खांद्यापर्यंतचा तोच फोटो २४ मिमीने घ्यायचा तर नवरीच्या पुढ्यात ४० सेंमीवर जावं लागतं. नाकाचा शेंडा आणि कान यांच्यात दहा-बारा सेंमीचं अंतर असतं, त्यामुळे इतक्या जवळून नाक कानांच्या मानाने पावपट मोठं दिसतं. दोन मीटरवरून हाच फरक पाच-सहा टक्क्यांवर येतो, डोळ्याला तो जाणवतही नाही. म्हणून चेहऱ्याच्या फोटोला माणसापासून दीड-दोन मीटर लांब राहायचं, आणि तिथून चौकट भरायला जी फोकल लेंग्थ लागेल ती वापरायची. ७० ते १०५ मिमी हा पल्ला यातूनच आला. स्टीव्ह मकरी यांनी १९८४ साली टिपलेला हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा जगप्रसिद्ध फोटो १०५ मिमीच्या निकॉरचा आहे.

उलट गडबड होते ती जेवणानंतरच्या ग्रुप फोटोत. स्टेजवर दोन्हीकडची मंडळी उभी राहिली की फोटोग्राफर एका जागी उभा राहून झूम २४ वर फिरवतो, कारण तेवढ्यात सगळे मावतात. पण २४ मिमीच्या चौकटीच्या कडेला डोकी सुमारे पावपट रुंद होतात. ३५ वर हे ताणणं बारा टक्क्यांच्या आसपास असतं. कडेला उभी असलेली आत्या त्यामुळे उगाच जाड दिसते, आणि तो अल्बम पुढची तीस वर्षं घरात निघत राहणार असतो. सहा मीटर रुंद रांग ३५ मिमीत घ्यायला सहा मीटर मागे जावं लागतं. तेवढं मागे जावं, स्टेजवरून उतरावं, समोरच्या दोन खुर्च्या हलवायला सांगाव्यात. आत्याचा एवढा मान ठेवायलाच हवा.

तर एकच लेन्स घ्यायची असेल तर फुल फ्रेम कॅमेऱ्याला २४-७० मिमी, आणि पूर्ण पल्ल्यात एफ/२.८ स्थिर राहणारी. ‘स्थिर’ या शब्दावर माझा जोर आहे. खोक्यावर एफ/३.५-५.६ अशी जोडी छापलेली असेल तर झूम करताना एफ आकडा आपोआप वाढतो, म्हणजे चेहऱ्याजवळ जायच्या वेळीच उजेड घटतो. १८-२०० सारख्या ‘एकीत सगळं’ लेन्स सहलीला उत्तम. कार्यालयात त्या दुपारीच दमतात. कॅमेरा कंपन्यांच्या स्वतःच्या २४-७० लाखाच्या वर जातात. सिग्माची २८-७० मिमी, एफ/२.८ आणि टॅमरॉनची २८-७५ त्यांच्याहून बऱ्याच स्वस्त आणि हलक्या आहेत: सिग्मा ४७० ग्रॅम, टॅमरॉनची पहिली आवृत्ती ५५० ग्रॅम; कॅननची डीएसएलआरसाठीची दुसरी २४-७० मात्र ८०५ ग्रॅमची. सकाळी हळदीपासून रात्री वरातीपर्यंत कॅमेरा हातात असतो तेव्हा हे तीनशे ग्रॅम खांद्याला समजतात. बदल्यात २४ ऐवजी २८ मिळतं. त्याच दोन मीटरांवरून तीन मीटरांऐवजी सुमारे अडीच मीटर दिसतात, म्हणजे एक माणूस चौकटीबाहेर जातो. पहिल्या कामासाठी मी ती तडजोड करीन.

क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फुल फ्रेमहून लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर हे आकडे तसेच उचलू नयेत. सोनी, निकॉन, फुजीच्या अशा कॅमेऱ्यांवर फोकल लेंग्थला दीडने गुणायचं, कॅननवर १.६ ने. २४-७० तिथे ३६ पासून सुरू होते आणि स्टेजवर कोंडमारा होतो. त्यांच्यासाठी सिग्माची १८-५० मिमी, एफ/२.८ आहे, वजन तीनशे ग्रॅमच्या आतबाहेर. किंवा टॅमरॉनची १७-७०, एफ/२.८, जिच्यात चेहऱ्यासाठी लांबचा पल्लाही मिळतो. डीएसएलआरवाल्यांना जुनी १७-५० एफ/२.८ आजही चांगली साथ देते.

एवढे पैसे नसतील तर? किट लेन्स ठेवा आणि ५० मिमी, एफ/१.८ घ्या. दोनशे ग्रॅमच्याही आतली ही लेन्स बहुतेक कंपन्यांच्या यादीतल्या सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी असते, आणि तिच्या रचनेचं मूळ झाइसमधल्या पाउल रुडोल्फ यांच्या १८९६ च्या प्लानारमध्ये आहे, त्यामुळे स्वस्त म्हणून कमअस्सल समजायचं कारण नाही. किटच्या ५५ मिमी टोकापेक्षा ती नऊ-दहापट जास्त प्रकाश आत घेते. क्रॉप सेन्सरवर ती ७५-८० मिमीसारखी वागते, म्हणजे मेंदीचे हात, गौरीहरापाशी बसलेली नवरी, हसणारी आजी यांना ती छान. अंतरपाटाला मात्र किट लेन्सच लावावी आणि आयएसओ वाढवावा. झूम आधीच असेल तर जोडीला पुढची लेन्स ८५ मिमी, एफ/१.८.

७०-२०० एफ/२.८ ची हौस पुष्कळांना असते. आपल्या कार्यालयांत ती फार कमी वेळा बाहेर निघते. पण वसईत किंवा गोव्यात चर्चमधलं लग्न असेल तर चित्र बदलतं. तिथे फोटोग्राफरला वेदीपासून लांब उभं राहायला सांगतात, मधल्या वाटेवर फिरताही येत नाही, आणि अंगठी घालतानाचे हात तेवढ्या लांबून टिपायला हीच लेन्स हवी. अशा एखाद्या कामासाठी ती दिवसभर भाड्याने घ्यावी. मोठ्या शहरांत अनामत ठेवून लेन्स भाड्याने मिळतात. विकत घेण्याआधीही हाच मार्ग धरावा, आणि भाड्याची लेन्स घेऊन रिकाम्या कार्यालयात एक संध्याकाळ घालवावी. मुहूर्ताच्या दिवशी तिची पहिली ओळख करून घेऊ नये.

जुनी लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने आत सोडून पुढून तिरकं बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी आहे, आणि तशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यायची. बुरशी काचेवरचा लेप खाते आणि स्टेजवरचे दिवे समोर आले की फोटोवर धुकं पसरतं. आपल्याकडे बुरशी धरण्याचा काळही ठरलेला आहे. आषाढीनंतर चातुर्मासात मुहूर्त नसतात, बॅग कपाटाच्या तळाशी जाते, आणि बाहेर चार महिने पाऊस आणि दमट हवा. कोकणात आणि मुंबईत तर सांगायलाच नको. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक ठेवून काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखला तरी लेन्स वाचते. पुड्यांचा रंग बदलला की त्या गरम करून वाळवायच्या, आणि आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून दोन-चार फोटो काढायचे. तुळशीचं लग्न लागलं की पुढच्या मुहूर्तांच्या आधी तीच टॉर्चची तपासणी स्वतःच्या लेन्सचीही करावी.